बोटभर सैनिक आणि त्यांचे रंग

एका लांबरुंद मेजावर हिरवट कापड अंथरलेले असते. त्यावर पुठ्ठ्याच्या टेकड्या, काथ्याची झाडे, आगपेटीएवढी घरे आणि निळ्या रंगाने रेखलेली एखादी नदी असते. मेजाच्या दोन बाजूंना दोन माणसे उभी असतात आणि त्यांच्यासमोर रांगा करून शेकडो लहान लहान सैनिक उभे असतात. कोणाच्या खांद्यावर बंदूक, कोणाच्या हाती निशाण, कोणी घोड्यावर स्वार. खेळाडू मोजपट्टीने अंतर मोजून आपल्या पलटणी पुढे सरकवतात आणि फासे टाकून चकमकीचा निकाल ठरवितात. मेजावरील युद्धखेळ या नावाने हा छंद ओळखला जातो. इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आदी देशांत तो विशेष रुजला आहे. मात्र या छंदातील कित्येकांचा खरा जीव खेळापेक्षा एका वेगळ्याच कामात गुंतलेला असतो, आणि ते काम म्हणजे हे बोटभर सैनिक रंगविणे. खेळ एका संध्याकाळी संपतो. त्यासाठी लागणारे सैन्य रंगवून उभे करण्यास मात्र कित्येक महिने लागतात.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना अगदीच परकी वाटणार नाही. दिवाळीच्या दिवसांत तेथील मुले अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर आळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात आणि बाजारातून आणलेले मातीचे रंगीत मावळे बुरुजांवर मांडतात. तेथे हौस हीच पुरेशी असते; मावळ्याचा अंगरखा तांबडा की पिवळा, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ऐतिहासिक लघुप्रतिमा रंगविणारा मात्र नेमका हाच प्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत कुंचला उचलीत नाही.

युद्धाच्या अभ्यासासाठी मेजाचा उपयोग करण्याची पद्धत प्रशियात सुरू झाली. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या एका प्रशियन अधिकाऱ्याने आपल्या राजाला असे एक मेज भेट दिले आणि पुढे १८२४ मध्ये त्याच्या मुलाने या खेळाचे सुधारलेले नियम प्रसिद्ध केले. लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी त्यांचा वापर होऊ लागला. या खेळात सैनिकांच्या प्रतिमा नव्हत्या. पलटणींच्या जागी रंगीत ठोकळे असत. सैनिकांची खेळणी तयार करण्याचा व्यवसाय दुसरीकडे वाढत होता. जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात अठराव्या शतकापासून कथिलाचे चपटे सैनिक ओतले जात. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे सैनिक काढले. धातू कमी लागल्याने ते स्वस्त झाले आणि घरोघरी पोहोचले. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून या खेळण्यांसाठी नियम घालून दिले. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या छोट्या तोफेने गोळी उडवून समोरचे शिशाचे सैनिक खरोखर पाडावयाचे असत. वेल्स हा युद्धाचा पुरस्कर्ता नव्हता. ज्यांना लढाईची एवढी हौस आहे त्यांनी ती दिवाणखान्यातील जमिनीवर भागवून घ्यावी, असा त्याच्या पुस्तकाचा रोख होता. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. आज ज्या स्वरूपात हा छंद दिसतो ते मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचे आहे. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ मधील ‘वॉर गेम्स’ या पुस्तकाने त्याला इंग्लंडमध्ये मोठा वाचकवर्ग मिळवून दिला.

या इतिहासात एक माणूस असा होऊन गेला की ज्याने खेळासाठी एकही प्रतिमा केली नाही आणि तरीही लघुप्रतिमांच्या सचोटीचा विषय निघाला की त्याचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्याचे नाव कॅप्टन विल्यम सायबोर्न. १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. त्या लढाईची प्रतिकृती तयार करण्याचे काम १८३० मध्ये ब्रिटिश लष्कराकडून सायबोर्नकडे आले. त्याने त्या रणभूमीवरील एका शेतवाडीत सुमारे आठ महिने मुक्काम केला आणि प्रत्येक चढ, उतार, बांध व वाट मोजून काढली. त्यानंतर लढाईत भाग घेतलेल्या व हयात असलेल्या अधिकाऱ्यांना त्याने पत्रे लिहिली. सायंकाळी सुमारे सात वाजता तुमची पलटण नेमकी कोठे उभी होती, समोर शत्रूची कोणती तुकडी होती, शेतात कोणते पीक होते, असे त्याचे प्रश्न होते. शेकडो उत्तरे आली. एका लढाईविषयी प्रत्यक्ष साक्षीदारांकडून इतक्या पद्धतशीरपणे माहिती गोळा करण्याचा हा त्या काळातील विलक्षण प्रयत्न होय. ही पत्रे पुढे लंडनच्या ग्रंथालयात जतन झाली आणि इतिहासकार आजही ती चाळतात.

दरम्यान सरकारने खर्चातून अंग काढून घेतले. सायबोर्नने कर्ज काढले आणि काम पुढे नेले. १८३८ मध्ये लंडनमधील इजिप्शियन हॉल येथे ती प्रतिकृती लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. सुमारे ४०० चौरस फूट क्षेत्रफळाच्या त्या भूमीवर जवळजवळ ७५,००० रंगविलेले सैनिक उभे होते आणि प्रत्येकाची उंची होती जेमतेम १० मिलिमीटर. लोकांनी गर्दी केली. पण सायबोर्नचे कर्ज काही फिटले नाही. अडचण केवळ पैशांची नव्हती. त्याने निवडलेल्या घटकेला इंग्रजांच्या मदतीला आलेले प्रशियन सैन्य किती पुढे पोहोचले होते, हा प्रश्न नाजूक होता. ते जितके पुढे दाखवावे तितका विजयातील त्यांचा वाटा मोठा ठरे आणि इंग्रज सेनापती वेलिंग्टन याचा वाटा त्या मानाने कमी होई. प्रतिकृतीत प्रशियन फार पुढे दाखविले आहेत, अशी नाराजी वरिष्ठ वर्तुळांतून व्यक्त झाली. अखेर सायबोर्नने प्रशियनांच्या अनेक प्रतिमा काढून टाकल्या. १८४९ मध्ये तो मरण पावला तेव्हाही त्याची आर्थिक ओढाताण संपलेली नव्हती. त्याची प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय लष्कर संग्रहालयात आहे. तिच्यासमोर उभे राहणाऱ्याला दिसणारे सैनिक खरे आहेत. जे दिसत नाहीत त्यांची गोष्ट मात्र सांगावी लागते.

आता या प्रतिमा कशा घडतात ते पाहू. युद्धखेळात सर्वाधिक प्रचलित असलेली प्रतिमा सुमारे २८ मिलिमीटर उंचीची असते. याशिवाय १५ आणि ६ मिलिमीटरच्या प्रतिमाही वापरात आहेत. कारागीर प्रथम एक मूळ प्रतिमा घडवितो. तिच्यावरून रबराचा वाटोळा साचा तयार करतात, तो साचा वेगाने फिरवतात आणि मध्यभागी वितळलेला मिश्रधातू ओततात. फिरण्याच्या जोरामुळे धातू कडेच्या सर्व पोकळ्यांत शिरतो. पूर्वी या मिश्रणात शिसे भरपूर असे. ते स्वस्त असते आणि सहज वितळते. पण पोटात गेल्यास विषारी ठरते. त्यामुळे गेल्या काही दशकांत अनेक उत्पादकांनी शिसे सोडून कथिलाचे प्रमाण वाढविले. अँटिमनीची भर घातली की ओतीव कामाला कठीणपणा येतो आणि बारकावे ठसठशीत उठतात. आता प्लॅस्टिकच्या प्रतिमाही मोठ्या प्रमाणावर मिळतात आणि संगणकावर घडविलेली प्रतिमा यंत्राने थरावर थर चढवून छापता येते. जुन्या शिशाच्या प्रतिमा हाताळणाऱ्याने काम संपताच हात स्वच्छ धुवावेत, त्या कानशीने घासताना उडणारी भुकटी श्वासाबरोबर आत जाऊ देऊ नये आणि अशा प्रतिमा लहान मुलांच्या हाती मुळीच पडू देऊ नयेत.

साच्यातून निघालेली प्रतिमा लगेच रंगविता येत नाही. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे प्रतिमेवर एक बारीक शिवण उमटते. ती कानशीने किंवा धारदार सुरीने काढावी लागते. न काढल्यास रंग दिल्यावर ती अधिकच उठून दिसते. त्यानंतर प्रतिमा कोमट साबणाच्या पाण्याने धुतात, कारण साच्यातील भुकटी वा तेलकटपणा राहिला तर रंग पकड घेत नाही. वाळल्यावर काळ्या, करड्या किंवा पांढऱ्या रंगाचे अस्तर देतात. काळ्या अस्तरावर खोलगट जागा आपोआप अंधाऱ्या राहतात, पण वरचे रंग मंद होतात. पांढऱ्या अस्तरावर रंग झळाळतात, पण एखादी फट राहून गेली तर ती लगेच डोळ्यांत भरते. नवशिक्याने करडे अस्तर पत्करावे, हे बरे.

रंग कोणते वापरावेत? पूर्वी तेलाधारित एनॅमल रंगांचे राज्य होते. आज पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बहुतेकांच्या मेजावर असतात. ते लवकर वाळतात, त्यांना उग्र वास नसतो आणि कुंचला पाण्यानेच धुता येतो. डबीतील रंग जसाच्या तसा फासणे ही सर्वांत सामान्य चूक होय. जाड रंगाखाली नाक, बोटे, गुंड्या असे सारे बारकावे बुजून जातात. रंगात थोडे पाणी मिसळून एका दाट हाताऐवजी दोन पातळ हात द्यावेत. कुंचल्याविषयीही एक गैरसमज आहे. लहान प्रतिमेसाठी केसाएवढा बारीक कुंचला लागतो असे वाटते. पण फार बारीक कुंचल्यात रंग राहतच नाही, तो प्रतिमेपर्यंत पोहोचण्याआधीच टोकावर सुकतो. टोक अणकुचीदार असेल तर १ क्रमांकाच्या चांगल्या कुंचल्याने डोळासुद्धा काढता येतो.

आता या कलेतील मर्माचा मुद्दा येतो. खऱ्या माणसाचा अंगरखा ज्या रंगाचा होता तोच रंग प्रतिमेला सर्वत्र सारखा दिला, तर ती प्रतिमा निर्जीव आणि सपाट दिसते. असे का व्हावे? २८ मिलिमीटरची प्रतिमा ही खऱ्या माणसाच्या सुमारे साठाव्या हिश्शाएवढी असते. अंगरख्यावरील दोन सेंटिमीटर खोलीची चुणी प्रतिमेवर एक तृतीयांश मिलिमीटर उरते. खोलीतील दिव्याचा प्रकाश मात्र प्रतिमेबरोबर लहान होत नाही. एवढ्याशा चुणीत त्याला सावली पाडता येत नाही. म्हणून जी सावली निसर्ग पाडत नाही ती रंगाऱ्याला रंगवावी लागते. प्रकाश वरून येतो असे मानून तो खांदे, डोक्यावरील टोपी, गुडघे यांवर मूळ रंगाची फिकट छटा देतो आणि काखा, पट्ट्यांखालच्या जागा, चुण्यांचे तळ यांवर गडद छटा देतो. मेजावरील प्रतिमा हातभर वा त्याहून अधिक अंतरावरून पाहिल्या जातात. त्यामुळे या छटांमधील भेद जवळून पाहताना अतिरेकी वाटावा इतका ठळक ठेवतात. रंगभूमीवरील नटाची रंगभूषा जवळून भडक दिसते आणि शेवटच्या रांगेतून स्वाभाविक वाटते, त्यातलाच हा प्रकार आहे.

ही छायाप्रकाशाची योजना साधण्याच्या काही सोप्या युक्त्या आहेत. गडद रंग पुष्कळ पाणी घालून पातळ केला आणि प्रतिमेवर सोडला, तर तो आपोआप खोलगट जागी जाऊन साठतो. याउलट कुंचल्यावरील रंग जवळजवळ सारा पुसून टाकून तो कोरडा कुंचला प्रतिमेवरून हलकेच फिरवला, तर केवळ उंचवट्यांवर रंग लागतो. केस, लोकर, घोड्याची आयाळ यांसाठी ही रीत उत्तम. घोड्यांसाठी आणखी एक जुनी रीत आहे. प्रथम पिवळट तांबूस रंग देऊन वाळवावा, त्यावर गडद तपकिरी तैलरंग माखावा आणि काही वेळाने तो स्पंजाच्या तुकड्याने पुसून घ्यावा. उंचवट्यांवरून रंग निघून येतो, खळग्यांत राहतो आणि घोड्याच्या कातडीची तकाकी हुबेहूब साधते. मानवी त्वचेच्या छायेसाठी काळा रंग कधीही मिसळू नये. त्याने चेहरा मळकट होतो. तांबूस तपकिरी छटा योग्य ठरते, मग तो सैनिक स्कॉटलंडचा असो की मद्रासचा.

हाताची ही सफाई सरावाने येते. रंग कोणता द्यावयाचा हे ठरविण्यास मात्र अभ्यास लागतो. नेपोलियनच्या काळातील इंग्रज सैनिक म्हणजे लाल डगला, एवढे सर्वांना ठाऊक असते. परंतु लाल रंग एकच नव्हता. सामान्य शिपायाच्या डगल्याचे कापड मंजिष्ठेच्या मुळांपासून मिळणाऱ्या रंगात बुडविलेले असे. तो रंग विटकरी असून उन्हापावसात आणखी फिकट होई. अधिकाऱ्यांचे कापड कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळणाऱ्या महागड्या रंगाचे असे आणि तो रंग झळझळीत दिसे. मराठीतील ‘किरमिजी’ हा शब्दही अशाच एका रंगदायी किड्याच्या नावावरून आला आहे. एकाच पलटणीतील अधिकारी आणि शिपाई एकाच डबीतील लाल रंगाने रंगविले, तर त्या काळातील एक सामाजिक भेद प्रतिमेवरून पुसला जातो. फ्रेंचांच्या निळ्या डगल्यांचीही अशीच कथा आहे. त्यांना लागणारी नीळ समुद्रमार्गे येई. इंग्रज आरमाराने समुद्र अडविल्यावर तिची टंचाई झाली आणि १८०६ मध्ये काही फ्रेंच पलटणींना पांढरे डगले देण्याचा प्रयोग झाला. तो फार काळ टिकला नाही. पण त्या एकदोन वर्षांतील लढाई मांडणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक असावी लागते.

शिवाय गणवेशांची जी सुंदर चित्रे पुस्तकांत आढळतात, ती बहुधा नियमानुसार असलेल्या पोशाखाची असतात. मोहिमेवरील सैनिक तसा दिसत नसे. महिनोन्‌महिने चालून बूट फाटलेले, विजारींना मिळेल त्या कापडाची ठिगळे, उंच टोपीवर पावसापासून बचावासाठी काळे मेणकापड, लालनिळ्या डगल्यावर करडा ओव्हरकोट. वॉटर्लूच्या आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता आणि सैनिकांनी ती रात्र उघड्यावर काढली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पांढऱ्या विजारी पांढऱ्या राहिल्या असतील, असे कोण म्हणेल? तरीही कित्येक छंदिष्ट आपले सैन्य कवायतीच्या मैदानावर असावे तसे स्वच्छ रंगवितात. त्यात मेजाला शोभा येते, हे खरे. परंतु चिखलाने माखलेला, थकलेला सैनिक रंगविणाऱ्याच्या हातून इतिहास अधिक प्रामाणिकपणे उतरतो, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्राच्या भूमीवर झालेली एक लढाई या छंदात विशेष लोकप्रिय आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील असई या गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज आणि मराठे यांच्यात घनघोर संग्राम झाला. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा वेलिंग्टन. समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांची सैन्ये होती. इंग्रज जिंकले; पण त्यांचे पंधराशेहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले. मराठी सैन्य म्हटले की घोड्यावर स्वार, हाती भाला आणि पाठीवर ढाल असलेला मावळा किंवा बारगीर अनेकांच्या नजरेसमोर येतो. असईच्या मेजावर केवळ अशाच प्रतिमा मांडल्या, तर ती लढाई कळणारच नाही. शिंद्यांच्या सैन्याचा कणा होता कवायती पायदळ. महादजी शिंदे यांच्या काळात डी बॉयन या सेनानीने युरोपीय पद्धतीने उभारलेल्या या पलटणी बंदुका व संगिनी घेऊन शिस्तीने रांगेत लढत आणि त्यांचा तोफखाना इतका प्रभावी होता की इंग्रजांची बहुतेक हानी त्यानेच केली. म्हणून येथे रंगाऱ्याने प्रथम प्रतिमांची निवड नीट करावयास हवी: कवायती पलटणी, बैलांनी ओढलेल्या तोफा, त्यांवरील गोलंदाज, आणि बाजूला घोडदळ. इंग्रजांच्या बाजूलाही सारेच गोरे नव्हते. स्कॉटिश पलटणींच्या जोडीने मद्रासच्या देशी शिपायांच्या पलटणी तेथे लढल्या आणि लाल डगल्यांच्या त्या रांगांतील बहुसंख्य चेहरे सावळे होते. ते तसेच रंगविले पाहिजेत.

रंगकाम संपले की प्रतिमेवर वॉर्निशचा हात देतात. खेळताना प्रतिमा शेकडो वेळा बोटांनी उचलल्या जातात. वॉर्निश नसेल तर टोपीचा आणि संगिनीचा रंग सर्वांत आधी उडतो. चकाकणारे वॉर्निश अधिक टिकाऊ असते, म्हणून पहिला हात त्याचा आणि दुसरा चकाकी मारणाऱ्या वॉर्निशचा देण्याचा प्रघात आहे. शेवटी प्रतिमा लहान बैठकीवर चिकटवतात. एका बैठकीवर चार-सहा शिपाई असले, तर ते एकदम सरकविता येतात. बैठकीवर गोंद लावून बारीक वाळू पसरतात, ती रंगवितात आणि वर कृत्रिम गवताचे पुंजके चिकटवतात. वॉटर्लूच्या सैनिकांच्या पायांखाली ओला तपकिरी चिखल आणि तुडविलेले राय हवे. असईच्या सैनिकांच्या पायांखाली मराठवाड्याची काळी जमीन हवी, आणि सप्टेंबर असल्यामुळे तिच्यावर पावसाळ्याच्या अखेरीचे हिरवे गवत.